स्टुलाखालची ढोलकी

आमच्या नातीला, दीक्षाला, गाडी चालवायचं लायसन्स मिळालं आणि त्याच आठवड्यात तिने गाडी मागे घेताना समोरच्यांची टपालपेटी आडवी केली, त्या वर्षाची ही गोष्ट. म्हणजे २०२४. घरात टपालपेटीचं प्रकरण गाजत होतं, म्हणून माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. नाहीतर पुढचं काहीच घडलं नसतं.

आधी माझ्याबद्दल सांगून टाकतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. मी धर्मराज, मूर्तिजापूरचा. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचो आणि एप्रिल उजाडला की आमच्या गायन पार्टीबरोबर गावोगाव जयंतीच्या कार्यक्रमांत ढोलकी वाजवायचो. ज्याच्यावर थाप मारता येते त्यातून मी ठेका काढतो, हे मी छाती ठोकून सांगतो. पाण्याची टाकी, रॉकेलचा डबा, एसटीची सीट, एकदा तर झोपलेल्या हार्मोनियमवाल्याची पाठ. तो उठला नाही, झोपेतच सूर धरला त्याने.

पार्टीत गाणारी होती आमची रत्ना. माझी बायको. आवाज असा, की तिसऱ्या गल्लीतला माणूस अर्धं जेवण टाकून यायचा. माझ्याबद्दल मात्र तिचं मत ठरलेलं. "यांच्या हातात ठेका आहे, डोक्यात नाही. रंगात आले की पळत सुटतात." ते खरं होतं. गाणं चढायला लागलं की माझे हात सासरहून माहेरी निघालेल्या बाईसारखे धावायचे. मग रत्ना गाता गाता मान वळवून म्हणायची, "अहो, घाई काहून करता?" लोकांना वाटायचं, हा गाण्यातलाच भाग आहे. काही गावांत लोक त्यावरही टाळ्या द्यायचे.

अक्षरंसुद्धा मला तिनेच शिकवली, माझी चाळिशी उलटल्यावर. तिथेही तेच. पहिल्या अक्षराला वेलांटी द्यायच्या आत मी पुढच्या अक्षरावर गेलेलो. "अहो, घाई काहून करता?"

अनुप, आमचा मुलगा, आम्हा दोघांना इकडे टेक्सासला फ्रिस्कोला घेऊन आला, तेव्हा रत्नाचे कान उतरणीला लागलेले होते. इथल्या डॉक्टरने दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी मशीन बसवली. बोललेलं तिला बरं ऐकू यायचं. पण ढोलकी वाजली की त्या मशीनला वाटायचं, ही कसली गडबड, आणि ते ढोलकीचा आवाजच दाबून टाकायचं. मशीनच्या दृष्टीने माझं आयुष्यभराचं काम म्हणजे गोंगाट. मशीन काढली तर काहीच ऐकू येत नव्हतं.

तिने गाणं सोडलं. भांडून नाही, रडून नाही. सोडलं, एवढंच. भाजी निवडताना आधी गुणगुणायची, तेही थांबलं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ठेका ऐकू येत नाही तर पाय कुठे ठेवू? बेताल गाईन, आणि लोक म्हातारी म्हणून टाळ्या देतील. तसल्या टाळ्या मला नकोत."

मला ते घर बंद पडल्यासारखं वाटायचं. टीव्ही, मिक्सर, डिशवॉशर, सगळं वाजायचं, फक्त ती नाही.

मार्च महिन्यात रवींद्र घरी आला. हा आमच्या इथल्या जयंती कमिटीचा सेक्रेटरी, नागपूरचा मुलगा, आता डोक्यावरचे केस गेले तरी आमच्यासाठी मुलगाच. त्याने समोसा उचलला आणि म्हणाला, "काका, या वेळी चौदा एप्रिल नेमकी रविवारी आलीय. मोठा हॉल बुक केलाय. काकूंचा सत्कार करायचा म्हणतोय आम्ही. शाल देऊ."

"नुसती शाल?" मी म्हणालो. "गाणं ठेव. रत्ना गाणार, मी ढोलकी वाजवणार."

"काकू गातील?" रवींद्रचा समोसा हातातच राहिला.

"गातील म्हणजे काय. मी सांगतोय ना."

रत्ना तेव्हा आत होती. तिला काही माहीत नव्हतं. रवींद्रने गाडीत बसायच्या आधीच सगळ्या ग्रुपवर मेसेज टाकून दिला.

संध्याकाळी सून मीराने तो मेसेज वाचला आणि चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, आईंना विचारलंत?"

"विचारणार आहे."

"कधी?"

"हॉलमध्ये."

मीरा हसली नाही. ती हसली नाही की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. तिनेच जाऊन रत्नाला सांगितलं. रत्ना बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "शाल घेईन. स्टेजवर बसेन. तोंड उघडणार नाही. तुम्ही वाजवा आणि तुम्हीच गा." आणि कानातली दोन्ही मशीन काढून डबीत ठेवली. आता माझं उत्तर ऐकायची सोयच नव्हती.

त्यात दुसरी भानगड अशी, की माझ्याकडे ढोलकीच उरली नव्हती. भारतातून मांडीवर घेऊन आणलेली माझी ढोलकी त्या हिवाळ्यात फुटली होती. घरातल्या हीटरच्या कोरड्या हवेने तिची शाईची पुडी तडकली, ती अशी, की मीरा खाली वाकून लपली. तिला वाटलं बाहेर कोणीतरी गोळी झाडली. टेक्सासमध्ये माणूस आधी वाकतो, मग विचार करतो.

दीक्षाने एक शहाणपण मात्र केलेलं होतं. ढोलकी धडधाकट असताना तिने माझ्याकडून एकेक थाप वाजवून घेतली होती आणि ती आपल्या ड्रममध्ये भरून ठेवली होती. हा ड्रम म्हणजे विजेवरचा. ती शाळेच्या बँडमध्ये वाजवते, तिच्या सरावासाठी अनुपने आणला. त्याला लाकूड नाही, कातडं नाही. जाळीच्या पुड्या, रबराच्या झांजा आणि शेजारी एक डबा. पुडीवर काठी मारली की बाहेर नुसतं टप् ऐकू येतं, आणि कानाला हेडफोन लावले की आत आख्खी मिरवणूक. डब्यात जगातली वाद्यं भरलेली, आणि त्यातच, शेवटच्या खणात, माझी ढोलकी.

मी तिच्या खोलीत गेलो. "दाखव बघू, मेलेली ढोलकी कशी बोलते ती."

"आजोबा, डोन्ट से मेलेली. सॅम्पल म्हणतात." तिने हेडफोन माझ्या कानाला लावले.

मी बोटांनी पुडीवर थाप दिली. आणि माझी ढोलकी बोलली. तीच. उजव्या बाजूला जरा फुटका सूर लागायचा, तोसुद्धा. डाव्या पुडीवर मनगट घासून जो घुमणारा आवाज काढतात, तो मात्र निघेना. मनगट घासलं तर जाळीने कातडी सोलली. पण हळू मारली तर हळू, जोरात मारली तर जोरात, कडेला मारली तर कडेचा आवाज. फुटलेल्या भांड्यातलं दूध कोणीतरी आधीच काढून ठेवलेलं असावं, तसं झालं.

"इतकं खरं?" मी म्हणालो.

"अजून खरं आहे. हे मारा." तिने डावीकडचं एक लहान पॅड दाखवलं.

मी मारलं. कानात रत्ना म्हणाली, "अहो, घाई काहून करता?"

मी ताडकन उठून दाराकडे पाहिलं. "कुठे करतोय घाई?"

दीक्षा पलंगावर लोळून हसत होती. पोरीने फोनवर आजीचं वाक्य कधीतरी पकडलं होतं आणि तेही पॅडमध्ये भरलं होतं. "आजोबा, यू आन्सर्ड अ ड्रम."

असो. यंत्र पसंत पडलं. दोनच गोष्टी पटल्या नाहीत. पहिली म्हणजे पेडल. खाली जमिनीवर एक पाटी, ती पायाने दाबायची, की मोठा ढोल वाजतो.

"पायाने?" मी म्हणालो.

"पायानेच असतं."

"वाद्याला?"

"इट्स अ पेडल, आजोबा. त्याला वाईट नाही वाटणार."

त्याला नसेल वाटत. आम्ही देवबीव मानत नाही. पण ज्या वाद्याने पोट भरलं त्याला चुकून पाय लागला तर ताबडतोब हात लावून तो हात कपाळाला न्यायचा, एवढं आमच्या पार्टीच्या उस्तादाने अंगात भिनवलं होतं. इतकं, की बसमध्ये कोणाच्या तबल्याला बूट घासला तरी मी वाकायचो. म्हणून मी ठरवलं, मांडी घालूनच वाजवायचं. पाय वर, भानगड नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बसायचं स्टूल. मी त्यावर बसलो, थाप मारली, आणि खालून कोणीतरी ढुंगणाला धक्का दिला. मी उडालो.

"तो शेकर आहे," दीक्षा म्हणाली. "बघा ना, खरा ड्रम वाजवला की बॉडीत फील होतो. हेडफोनमध्ये फक्त कानात येतो, फेक वाटतं. म्हणून स्टुलाखाली हे मशीन लावतात. जे वाजेल ते खालून हलतं. मोअर रिअल."

"मला एवढं खरं नको," मी म्हणालो आणि खालून जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणली. रुंद, मांडी घालायला ऐसपैस. त्या खुर्चीवर बसून मी रोज दुपारी सराव केला. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बाहेरच्या आवाजाचं बटण शून्यावर आणि कानातल्या आवाजाचं भरपूर. बसलो की आधी ते बटण शून्यावर आणायचं, ही सवयच लागली. रत्नाचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ती जिना चढून वर कधी आली नाही. मी वर काय करतोय हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मला वाटत होतं, ढोलकीचा आवाज हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून आला की तिला ऐकू येईल. नाही आला तरी माझे हात बघून ती ठेका धरेल. तेही नाही जमलं तर लाजेने गाईल. एवढाच माझा बेत होता. आता सांगताना तो मलाच फार थोर वाटत नाही.

चौदा एप्रिलला अनुपने ड्रम मोठ्या गाडीत भरला. दीक्षाने स्टूलही टाकलं, कारण कार्यक्रमानंतर आम्हाला घरी सोडून तिला मैत्रिणीकडे वाजवायला जायचं होतं. माझी खुर्चीही घेतली. हॉलमध्ये दीक्षाने सवयीने सगळ्या वायरी जोडल्या, स्टुलाचीसुद्धा, हॉलच्या माणसाकडून आवाज तपासून घेतला आणि म्हणाली, "ऑल सेट. आजोबा, कशालाही हात लावू नका."

मी कशालाही हात लावला नाही. फक्त खुर्चीत बसलो, मांडी घातली, हेडफोन लावले आणि सवयीने ते बटण शून्यावर आणलं.

वंदना झाली, मग भाषणं झाली. भाषणांबद्दल मी काही बोलत नाही, सगळी चांगली मुलं आहेत. पण एकेक भाषण असं, की पहिला मुद्दा सुरू व्हायच्या आत वक्त्याने तीनदा पाणी प्यावं. मी तसाच मांडी घालून. माझ्या उजव्या पायाला मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या, पायच गेला. पाय कोणाचा आहे हे विचारावं लागेल अशी स्थिती.

मग रत्नाचं नाव पुकारलं. मीराने तिला हात धरून वर आणलं. पांढरं पातळ, निळी किनार. रवींद्रने शाल घातली, लोक उभे राहिले. आता तिला बसवायचं कुठे? स्टेजवर खुर्ची एकच, आणि तिच्यावर मी. रवींद्रने इकडेतिकडे पाहिलं, ड्रमच्या मागे ते स्टूल दिसलं, त्याने ते ओढून माझ्या शेजारी ठेवलं. "काकू, बसा."

स्टुलाची वायर लांब होती. निघाली नाही.

रत्ना बसली. माझ्याकडे बघून ओठ घट्ट मिटले, म्हणजे तोंड उघडणार नाही हे लक्षात ठेवा. रवींद्रने माइक तिच्यापुढे ठेवला आणि लोकांना सांगितलं, "आता काका-काकू आपल्याला त्यांच्या पार्टीचं गाणं ऐकवतील." तीनशे माणसं पुढे सरकून बसली. काही जणांनी फोन वर धरले.

मी हात उचलले, आणि त्याच क्षणी तो निर्जीव पाय मांडीवरून घसरला आणि थेट पेडलवर आदळला.

धाड्. हेडफोनमध्ये असा आवाज, की माझे डोळे मिटले. वाद्याला पाय. मी ताबडतोब वाकलो, हात लावायला. वाकताना कपाळ पुढच्या पुडीवर आपटलं, धिन्. हात पेडलला टेकवला, कपाळाला न्यायला वर आणला, तर कोपर झांजेला लागलं, झन्न. सरळ बसलो, तर त्या मेल्या पायाचा पुन्हा भार पेडलवर. धाड्. पुन्हा पाय लागला. पुन्हा वाकणं आलं. धिन्. झन्न. धाड्.

तुम्ही म्हणाल, थांबायचं ना. कसं थांबणार? प्रत्येक माफीत नवा गुन्हा होत होता. चौथ्या की पाचव्या खेपेला कोपर डावीकडच्या लहान पॅडवर पडलं आणि रत्ना माझ्या कानात म्हणाली, "अहो, घाई काहून करता?"

मी वळून जोरात ओरडलो, "कुठे करतोय घाई? माफी मागतोय मी."

ते तिच्यापुढच्या माइकने उचललं. हॉलमध्ये हशा पिकला असणार. मला ऐकू आला नाही, माझ्या कानांवर हेडफोन. मला फक्त तोंडं दिसली. नंतर कळलं की त्या तीनशे माणसांना ढोलकीचा एक ठोकासुद्धा ऐकू येत नव्हता. त्यांना दिसत होता एक म्हातारा, जो रबराच्या थाळ्यांपुढे पुन्हा पुन्हा वाकतोय, अधूनमधून नुसतं टप् टप् होतंय, आणि मध्येच तो बायकोवर ओरडतोय. रवींद्र विंगेत डोक्याला हात लावून उभा होता. अनुप खुर्चीत खाली खाली सरकत होता.

पण मी पाहत होतो रत्नाकडे. पहिल्या धाड्ला ती उडाली. दोन्ही हातांनी स्टूल धरलं. दुसऱ्या धाड्ला तिने खाली वाकून बघितलं, खाली कोणी आहे का. तिसऱ्याला तिचा चेहरा बदलला. ती नुसती बसली, मान जराशी तिरकी, भात शिजल्याचा अंदाज घ्यावा तशी. मग तिचा उजवा तळवा मांडीवर पडला. माझ्या धाड्बरोबर. पुन्हा पडला. बरोबर धाड्वर.

आणि तिने तोंड उघडलं.

मला ते ऐकू आलं नाही. काय बोलणार, स्टेजवर त्या घडीला बहिरा मी होतो. तिचा गळा हलताना दिसला, समोरची माणसं फोन खाली घेताना दिसली, तेव्हा मी हेडफोन एका कानावरून सरकवला.

*आली पाटी दारी बाई, आली पाटी दारी,*
*आई माझी धरते खडू, लेक शिकवी घरी.*

तिची स्वतःची रचना. मूर्तिजापूरला पहिल्यांदा म्हटली होती. आवाज म्हातारा झाला होता, वरचा सूर जरा कापत होता. पण समेवर अशी यायची, की घड्याळ लावून घ्यावं.

एक सांगतो. आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा माझा ठेका पळाला नाही. कसा पळणार? प्रत्येक ठोक्यानंतर मला कमरेतून वाकून, माफी मागून, परत सरळ व्हावं लागत होतं. या वयात त्याला जेवढा वेळ लागतो तेवढीच लय.

पहिलं कडवं तिने असं म्हटलं, की तीनशे ऐकणाऱ्या माणसांना ढोलकी ऐकू येत नव्हती, आणि जिला ऐकू येत नाही ती एकटी ढोलकीवर गात होती. नंतर दीक्षाने मला समजावलं की हॉलकडे जाणारा आवाज एका बटणावर आणि कानातला व स्टुलाचा दुसऱ्या. पण तेव्हा मला काही कळत नव्हतं. माझा पाय जागा झाला होता, मी तो उचलून मांडीत घेतला आणि हातांनी खरा ठेका धरला.

तेवढ्यात दीक्षाच्या लक्षात आलं. पोरगी स्टेजवर धावत आली आणि तिने ते बटण एकदम फिरवलं.

माझी ढोलकी हॉलभर फुटली. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या मांडीवर त्यांचा स्वतःचा चहा सांडला. एक बाळ रडायला लागलं, आणि मग ठेका ऐकून थांबलं. लोकांनी टाळ्यांनी ताल धरला. आणि रंग चढला की माझं जे होतं ते झालं. हात सुटले.

"अहो, घाई काहून करता?" कानाशी आवाज आला.

मी दुर्लक्ष केलं. मनात म्हटलं, कोपर पुन्हा पॅडला लागलं वाटतं. मी आणखी जोरात वाजवायला लागलो.

"अहो."

यंत्र कमालीचं खरं आहे, मी मनात म्हटलं. आता तर दोनदा बोलायला लागलं.

मग माझ्या मनगटावर फटका बसला. एवढं खरं कुठलं यंत्र नसतं. मी मान वळवली. रत्ना गाणं थांबवून माझ्याकडे बघत होती, आणि तिचा माइक चालू होता. "मघाशी माफ्या मागत होता तेव्हा किती छान वाजवत होता," ती तीनशे माणसांसमोर म्हणाली. "तसंच वाजवा."

मी तसंच वाजवलं. तिने तिन्ही कडवी म्हटली. शेवटी लोक उभे राहिले. रत्नाने त्यांच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं. त्या टाळ्या म्हातारीसाठी नाहीत, गाण्यासाठी आहेत, याची तिची खात्री झाली असावी, कारण मग ती हसली.

खाली उतरल्यावर एक तरुण माझ्याजवळ आला. चष्मेवाला, गळ्यात कॅमेरा. "काका, ती सुरुवात काय होती हो. आवाज न करता नुसतं वाकणं. मी रडलो. तुम्ही कोणाकडून शिकलात?"

"पायाकडून," मी म्हणालो. त्याने मान डोलावली.

गाडीत बसल्यावर रत्नाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "अहो, मला ऐकू आली तुमची ढोलकी."

"कानाने?"

"नाही. खालून. आधी पायांत, मग पोटात, मग गळ्यात. गळ्यात आली तेव्हा गाऊ लागले, मी ठरवलं नव्हतं." मग पुढे बसलेल्या अनुपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला ते स्टूल पाहिजे."

दीक्षा मागे न वळता म्हणाली, "आजी, आयम ड्रायव्हिंग. बट येस." रस्त्यातल्या सगळ्या टपालपेट्या त्या दिवशी वाचल्या.

अनुपने ड्रम वरून खाली आणला आणि जेवणघराच्या कोपऱ्यात मांडला. दीक्षाने नवं स्टूल घेतलं, जुनं आजीचं झालं. संध्याकाळी मी माझ्या खुर्चीवर, ती स्टुलावर. मी वाजवायचो, ती खालून ऐकायची आणि गायची. जुनी सगळी गाणी निघाली. भाजी निवडायलाही ती तिथेच बसायची, आणि मी नुसतं जाता जाता पुडीवर बोट मारलं तरी मेथीची जुडी हातात धरून म्हणायची, "वाजवताय तर नीट वाजवा." मीरा स्वयंपाक करता करता कोरस द्यायला लागली. तिला सूर नाही, पण ते रत्नाला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे घरात शांतता राहिली.

पेडलला मी अजूनही पाय लावत नाही. दीक्षा म्हणते, मग ढोल कसा वाजणार. मी म्हणतो, हाताने दाबतो की. खाली वाकावं लागतं, पण लय सांभाळली जाते.

ज्याने कोणी स्टुलाखाली ते यंत्र बसवायची युक्ती काढली, त्याचं नाव मला माहीत नाही. त्याला वाटलं असेल, वाजवणाऱ्याला जरा खरं वाटावं. त्याला कुठे माहीत, मूर्तिजापूरची एक बाई त्यावर बसून पुन्हा गायला लागेल. त्याचे माझ्यावर उपकार आहेत. टपालपेटी पाडणाऱ्या पोरीचेही आहेत. आणि मुंग्या आलेल्या माझ्या उजव्या पायाचे तर फारच, पण ते मी मोठ्याने बोलत नाही, नाहीतर तो शेफारेल.

डावीकडचं लहान पॅड दीक्षाने काढून टाकायचं का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हटलं. एकटा वाजवताना हात पळायला लागले की कोपर मुद्दाम तिकडे नेतो. ती रागावते. मी मोठ्याने उत्तर देतो. मीरा आता वळूनही बघत नाही.

रत्ना गेली २०२५च्या फेब्रुवारीत, अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी, फ्रिस्कोच्या घरातच.